आधी भरतीची वेळ काढा, मग प्रेमात पाडा

माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा वाजता वाळूत बसला होता. भरतीची लाट त्याच्या पायांना लागत होती आणि समोर समुद्रातून चंद्र वर येत होता. हस्तलिखित मी मामाला वाचायला दिलं. मामाची अख्खी हयात होडीवर गेलेली. तिसऱ्या पानावर त्याने चष्मा काढला आणि विचारलं, “ह्यो समुद्र खयचो गो?”

आमचा समुद्र पश्चिमेला. त्यात सूर्य बुडतो. पौर्णिमेचा चंद्र उगवतो तो मागच्या डोंगरातून, फणसाच्या आणि माडांच्या आडून. तो समुद्रावर बघायचा असेल तर नायकाला पहाटे उठवावं लागेल. आणि पौर्णिमेला संध्याकाळी सहाला भरती नसतेच, तेव्हा ओहोटी असते. मामाचा हिशोब साधा: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची अदमासे वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकराच्या सुमाराला आणि रात्री तेवढ्यालाच. अष्टमीला सहा. गाव बदललं की वेळ थोडी मागेपुढे होते, पण नायकाचे पाय उगाच भिजणार नाहीत इतपत हिशोब पक्का.

ती कादंबरी छापली गेली नाही, ते बरंच झालं. नंतर किशोरवयीन वाचकांसाठी मी बरंच लिहिलं. आता नवख्या लेखकांची हस्तलिखितं माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी ठिकाणी एक लाजरा मुलगा, एक मुलगी आणि मधे कोकण असतं. त्या सगळ्यांना जे तोंडी सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे. उदाहरणासाठी एक जोडी सतत वापरणार आहे. ओंकार, वय सोळा, देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातला, वडिलांची छोटी होडी, अकरावीत. आणि पवित्रा, त्याच वर्गातली. तिचे वडील आंब्याच्या बागेत राखणीला आहेत, मूळचे नेपाळचे. पवित्रा पहिलीपासून इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आहे. दोघंही माझ्या डोक्यातली, माझ्याच एका कादंबरीतली.

भेटायला जागा कुठे आहे?

शहरातल्या प्रेमकथेत अडचण घरच्यांच्या विरोधापासून सुरू होते. गावात ती त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण दोन माणसांना एकटं भेटायला जागाच नसते. विहिरीवर कुणीतरी असतं. देवळात कुणीतरी असतं. किनाऱ्यावर माणूस नाही असं वाटावं, तर माडावर चढलेला कुणीतरी वरून विचारतो, “कोणाचो रे तू?” त्यामुळे प्रेमाचा पहिला शब्द लिहायच्या आधी एक मोठा कागद घ्या आणि कथेचं वर्ष आखा. भिंतीवरचं कालनिर्णय शेजारी ठेवा.

एका रकान्यात समुद्र. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. म्हणजे ओंकारचे वडील दोन महिने घरात, जाळी दुरुस्त करत ओट्यावर बसलेले, आणि ओट्यावरून अख्खा रस्ता दिसतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की घरातले डोळे कमी होतात. दुसऱ्या रकान्यात बाग. डिसेंबर-जानेवारीत मोहोर, मार्चपासून आंबा, मेअखेर सगळं आटपलेलं. पवित्राच्या वडिलांचा मालक बाग कराराने घेतो आणि करार आंब्याबरोबर संपतो. हे लक्षात ठेवा, शेवटाला लागणार आहे. तिसऱ्या रकान्यात शाळा-कॉलेज. चौथ्यात सण: गणपतीत चाकरमानी आल्यावर घरात झोपायला जागा नसते, दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात आणि दशावतारासाठी रात्रभर बाहेर राहण्याची सगळ्यांना आपोआप परवानगी मिळते, शिमग्यात पालखी दारी येते.

हे चार रकाने शेजारी ठेवले की भेटीच्या फटी आपोआप दिसतात. कथानक सुचत नाही म्हणून जे रडत येतात, त्यांना मी हाच कागद करायला लावते. बहुतेकांचं रडं तिथेच थांबतं.

आणि एसटी. एसटीशिवाय कोकणातलं अकरावीतलं प्रेम होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गावात रात्री मुक्कामाला येते ती वस्तीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि उजाडताना तीच गाडी तालुक्याला निघते. कॉलेजची मुलं तिच्यातच. पवित्राचा पास फुकट, कारण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. ओंकारचा सवलतीचा, पण पैसे भरून. पास संपला आणि घरात पैसे नसले की ओंकार दोन दिवस गाडीत दिसणार नाही. त्या दोन दिवसांत पवित्राच्या शेजारची जागा रिकामी राहते, किंवा राहत नाही. कादंबरीतलं एक प्रकरण तुम्हाला फुकटात मिळालं.

लाजरा म्हणजे नक्की कसा?

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथेच घसरतात. लेखक लिहितो, ‘तो लाजरा होता’, मग गाल लाल होतात, मान खाली जाते आणि पुढच्या प्रकरणात तोच मुलगा दीड पान संवाद म्हणतो. उन्हात रापलेल्या पोराचे गाल लाल झालेले कुणाला दिसणार आहेत?

आपल्या भाषेत यासाठी निदान पाच-सहा शब्द आहेत आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा. बुजरा म्हणजे अनोळखी माणसापुढे बिचकणारा. ओळख झाली की तो खुलतो. भिडस्त कुणाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. मित्र म्हणाले चल, की निघाला, आणि नेमक्या त्या संध्याकाळी तिला भेटायचं होतं. मुखदुर्बळाला उत्तर येत असतं, पण जिभेपर्यंत पोचेस्तोवर तास संपतो. अबोलाला बोलायची गरजच वाटत नाही, त्याला लाजरा म्हणणं चूक आहे. आणि घुम्या ही लोकांनी दिलेली शिवी. मनात काहीतरी धरून बसलाय, असा तिचा अर्थ, आणि ती ऐकत वाढलेला मुलगा खरंच काहीतरी धरून बसायला शिकतो.

तुमचा नायक यातला कोणता, हे एका ओळीत लिहून टेबलावर चिकटवा. माझा ओंकार मुखदुर्बळ आहे आणि त्याला कारण आहे. आठवीत त्याने भर वर्गात “सर, माका येता” म्हटलं आणि तालुक्याच्या पोरांनी ‘माका’ची टर उडवली. तेव्हापासून वर्गात तोंड उघडायच्या आधी तो मनातलं वाक्य प्रमाण मराठीत फिरवून घेतो. तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होतं. कारण द्यायलाच हवं असं नाही. काही माणसं जन्मतःच अशी असतात आणि त्यांना मानसिक धक्का चिकटवायची काही गरज नसते. पण कारण दिलं तर ते असं छोटं, गावातलं, रोजचं द्या.

आता महत्त्वाची गोष्ट. न बोलणारा मुलगा बघतो फार. त्याचं बघणं हेच तुमच्या कादंबरीचं इंधन. वर्णन करताना ‘तिचे डोळे सुंदर होते’ हे वाक्य खोडा. ओंकारला काय दिसेल? पवित्रा गाडीत चढताना चप्पल आधी पायरीच्या कडेला घासते, कारण बागेतली लाल माती कंडक्टरला चालत नाही. वहीच्या मागच्या पानावर ती पेट्यांचा हिशोब लिहिते, कारण वडिलांना लिहिता-वाचता येत नाही. मालकाचा फोन आला की ती हिंदीत बोलते, आईशी नेपाळीत, गाडीत मालवणीत आणि निबंधात अशा प्रमाण मराठीत, की बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. ज्याला एका भाषेत बोलायची भीती वाटते, त्याला चार भाषांमधून अशी ये-जा करणाऱ्या मुलीबद्दल काय वाटेल, हे मग वेगळं लिहावं लागत नाही.

एक इशारा. बघणं आणि पाठलाग यांत फरक ठेवा. तिच्या मागे मागे घरापर्यंत जाणारा, तिचा नंबर कुठून तरी मिळवणारा, नकारानंतर चिकटून राहणारा मुलगा आपल्याकडे वर्षानुवर्षं प्रेमवीर म्हणून खपवला गेला. 2013 पासून कायद्यात पाठलाग हा वेगळा गुन्हा आहे. तुमची वाचक पंधरा वर्षांची आहे आणि तिच्या मागे कदाचित आत्ताच कुणीतरी येत असेल. ओंकारला पवित्राने मान फिरवलेली दिसली तर तो दुसऱ्या दाराने उतरतो. लाजऱ्या मुलाला हे जड जाणार नाही.

वाडीचा नकाशा

हल्ली सगळ्यांना कादंबरीत विविधता हवी असते. चांगलंच आहे. पण ती वरून भुरभुरलेल्या खोबऱ्यासारखी दिसते. एक मुसलमान मित्र, त्याच्याकडे ईदला बिर्याणी, संपलं. मीही हे केलेलं आहे. माझ्या एका कथेतल्या दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मुसलमान, मुलीच्या घरात शिरलं की प्रत्येक वेळी बिर्याणीचा वास यायचा. ती वाचून रत्नागिरीजवळची एक दहावीतली मुलगी मला म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे रोज भाकरी आणि बांगडाच असतो.” मला लाज वाटली ती अजून जात नाही. शेजारच्या घरात रोज काय शिजतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी त्या घरातली मुलगी लिहायला बसले होते.

कोकणात विविधता आणावी लागत नाही, ती वाडीवाडीत राहते. गाबीत, भंडारी, कुणबी, मराठा, बौद्धवाडी, दालदी आणि कोकणी मुसलमान, मालवण-वेंगुर्ले-सावंतवाडीकडचे ख्रिस्ती. वर रायगडात गेलात तर कोळी, कातकरी, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल. त्यांच्यातले बहुतेक आता इस्राएलला गेले. शिवाय होड्यांवर आणि बागांत आता नेपाळहून आणि कर्नाटकातून आलेली माणसं आहेत. आणि परक्यांचं म्हणाल, तर ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. तो 1916 मध्ये इथेच वारला. त्याच्या थोरल्या मुलीचं राजवाड्यावरच्या रखवालदाराशी, गोपाळ सावंतांशी, जुळलं. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच म्हातारी झाली. म्हणजे कुंपणाच्या आतली मुलगी आणि बाहेरचा मुलगा ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. तुमच्या कथेत कुंपण कुणाचं आणि आत कोण, एवढंच ठरवा.

त्यासाठी गावाचा नकाशा काढा. कुठली वाडी उंचावर, कुठली खाडीलगत, पाण्याची टाकी कुणाच्या दारात, स्मशानं किती आणि कुठे. मग ओंकारला घरातून बागेपर्यंत चालवा. वाटेत तो कुणाच्या अंगणातून सरळ जाऊ शकतो आणि कुठे वळसा घालतो? कुठल्या घरात त्याला पाणी मिळतं आणि ते कशातून मिळतं? जात हा शब्द एकदाही न लिहिता ती सगळी या वाटेवर येते. मात्र पुढे कुठेतरी ती स्पष्ट बोलली जायलाच हवी. पंधरा वर्षांच्या मुलाला जात ठाऊक नसते, असं फक्त मोठ्यांना वाटतं.

आणखी एक. पवित्राला चांगुलपणाची मूर्ती करू नका. बाहेरून आलेल्या पात्राला लेखक इतकं सोशिक करतात की त्याला राग येतच नाही. पवित्राला येतो. कुणी ‘गुरख्याचा चेडू’, म्हणजे गुरख्याची पोर, म्हटलं की येतो, आणि ओंकार त्या वेळी गप्प बसला याचा जास्त येतो. मुखदुर्बळ असणं ही प्रत्येक वेळी निरुपद्रवी गोष्ट नसते. त्यांचं पहिलं भांडण इथे ठेवा. ते भांडणही तो बोलून हरत नाही, न बोलून हरतो.

पहिलं वाक्य

लाजरा मुलगा पहिलं वाक्य काय बोलतो, यावर दोन दिवस घालवायला हरकत नाही. मी कसं शोधलं ते सांगते.

नरकचतुर्दशीची पहाट. ओंकार अंघोळ करून तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडतो, कडू रस जिभेला लावतो. मग आई बागेकडच्या घरी फराळ देऊन ये म्हणते. बागेच्या दगडी गडग्यापाशी तो थबकतो. मांगरासमोर, म्हणजे बागेतल्या त्यांच्या खोपीसमोर, पवित्राचा कुत्रा बसला आहे, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर लाल टिळा, तोंडावर काय चाललंय ते कळत नसल्याचा भाव. नेपाळी लोकांच्या तिहार सणात त्या दिवशी कुत्र्याची पूजा असते. ओंकारला ते माहीत नाही. तो काही विचारत नाही, ताट देतो आणि परत येतो.

पुढे दिवाळीची सुट्टी. सुट्टीभर तो एक प्रश्न घोळवतो. कॉलेज सुरू झाल्यावर वस्तीच्या गाडीत, चौथ्या दिवशी, तो तिला विचारतो, “तुमच्या कुत्र्याचो वाढदिवस होतो?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणते, “दर वर्साक असता.”

आणि मग हसते. बस्स. या दोन वाक्यांत तिने त्याची टर उडवली आहे, पण ‘माका’वर उडवली होती तशी नाही. ती त्याच्याच बोलीत उडवली आहे. पुढचं सगळं या हसण्यावर उभं राहतं. कुकुर तिहार म्हणजे काय, ही माहिती तिने लगेच द्यायची गरज नाही. चार-पाच गाड्या जाऊ द्या.

पहिलं वाक्य प्रेमाबद्दल नसावं, एवढाच माझा नियम. आमच्याकडे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं मालवणीत कुणी कुणाला म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ते म्हटलं जातं ते असं, थांब्यावर, दोघांनाही रस्ता रिकामा दिसत असताना:

“गाडी इली?”

“नाय.”

“येतली?”

“येतली.”

एक प्रसंग पूर्ण लिहून बघा: रापण

कादंबरी सुरू करायच्या आधी मधलाच एक मोठा प्रसंग लिहा. तो जमला तर बाकीचं जमेल. मी रापण निवडते.

रापण पाहिली नसेल तर आधी एकदा उभं राहून पाहा. होडी लांबलचक जाळं अर्धगोलात टाकत समुद्रात फिरून येते. जाळ्याची दोन टोकं दोन दोरांनी किनाऱ्यावर. दोन्ही दोरांवर माणसांच्या दोन रांगा, एकमेकींपासून बऱ्याच लांब. ओढायला सुरुवात होते. जाळं जसजसं किनाऱ्याकडे येतं, तसतशा दोन्ही रांगा वाळूवरून सरकत एकमेकींच्या जवळ येतात. शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर येते तेव्हा दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. आणि ओढायला जो हात लावेल त्याला थोडी का होईना मासळी मिळते, मग तो कुठल्याही वाडीचा असो.

ओंकारला एका दोरावर उभा करा, पवित्राला दुसऱ्या. ती आईबरोबर कालवणापुरते मासे मिळतील म्हणून आली आहे. सुरुवातीला तिचा नुसता रंग दिसतो, पिवळी ओढणी. मग ओढणी कमरेला बांधलेली दिसते. मग ती पाय कसे रोवते ते. मग दोर हातातून सुटला की ती तोंडाने काय म्हणते ते, ऐकू येत नाही पण दिसतं. त्याने काहीच केलेलं नाही, फक्त दोर ओढला आहे, सगळ्यांबरोबर, सगळ्यांदेखत. एकही नजर वळलेली नाही. खोळ वर येते, तारली आणि बांगडे उडतात, पोरं धावतात, कावळे येतात, घार येते. ओरडाआरडा. त्या गोंधळात ती त्याच्या हाताकडे बघते. दोराने तळव्याची साल गेली आहे.

“रगात इला,” ती म्हणते.

तो तिच्या हाताकडे बघतो. “तुझ्या पण.”

तेवढ्यात तिची आई पिशवी घेऊन येते. प्रसंग संपला. आता मोह होईल की लिहावं, ‘जणू समुद्रानेच त्यांना जवळ आणलं होतं’. लिहू नका. वाचकाने दोन रांगा जवळ येताना पाहिल्या आहेत, तो काही आंधळा नाही.

हा प्रसंग दुपारचा ठेवायचा की सकाळचा, आदल्या रात्री वारा कसा होता, हे त्या गावच्या रापणकरांना विचारा. पावसाळ्यात मात्र ठेवू नका. खवळलेल्या दर्यात रापण टाकत नाहीत.

किती जवळ जाऊ द्यायचं

मुलं अठराच्या आतली आहेत. शारीरिक जवळिकीचं वर्णन करायचं नाही, सूचकही नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने अठराखालच्या मुलाची संमती धरली जात नाही, हे लेखकाने जाणून असावं. पण कायदा बाजूला ठेवला तरी या कथेला त्याची गरज नाही. सोललेल्या दोन तळहातांवर ज्याला पंचवीस पानं लिहिता येत नाहीत, त्याने दुसरा विषय घ्यावा.

मोबाइल आणि मोठी माणसं

मोबाइल काढून टाकू नका, 1985 ची गोष्ट असल्यासारखं वाटतं. त्याचे गावातले हाल लिहा. घरात रेंज नाही, ती सड्यावर मिळते. सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, तिथे संध्याकाळी सगळी पोरं मोबाइल हातात धरून उभी असतात. अशाच सड्यांवर कुणी कधी कोरलेली कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कोरलेल्या हत्तीच्या पाठीवर उभं राहिलं की दोन काड्या रेंज येते, असा प्रसंग मला कुणाकडून तरी वाचायचा आहे. आणि ओंकारचा मोबाइल त्याच्या वडिलांचा आहे, हे विसरू नका. होडी बाहेर असली की मोबाइलही बाहेर.

मोठ्यांना खलनायक करू नका. कोकणातली माणसं ओरडत नाहीत, टोमणा मारतात, आणि तो तीन दिवसांनी कळतो.

शेवट

इथे दोन मोह असतात. एक म्हणजे दोघांना पळवून न्यायचं. दुसरा म्हणजे कुणाला तरी मारायचं, शक्यतो समुद्रात. दोन्ही टाळा. सोळाव्या वर्षीचं पहिलं प्रेम बहुतेक वेळा कशाने तरी बाजूला पडतं: बदली, अकरावी-बारावीचं कॉलेज, मुंबईची नोकरी. तुमच्या कागदावरच्या दुसऱ्या रकान्यात ते आधीच लिहिलेलं आहे. आंबा संपतो, करार संपतो, मालक पुढच्या वर्षी दुसरी बाग घेणार आहे, राजापूरकडे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मांगरासमोर टेम्पो उभा राहतो. गाद्या, भांडी, आंबे उतरवायचा झेला, कुत्रा. आणि चार दिवसांनी मासेमारी बंद, वडील ओट्यावर.

ओंकार शेवटी धाडसी वक्ता होत नाही, हे माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं. लाजरेपणा हा आजार असल्यासारखा शेवटच्या पानावर बरा करू नका. एवढंच होऊ दे की टेम्पोपाशी जमलेल्यांपैकी कुणीतरी “गुरख्याचा सामान भरून झाला?” विचारतं आणि ओंकार, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत म्हणतो, “तेंका नाव आसा.” तीन शब्द. आठवीपासून साठलेले. राजापूरला जायला एसटी आहेच, ती पकडायची की नाही ते वाचकावर सोडा.

बोली, आणि प्रूफं

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, हा नवख्यांना झेपणारा मार्ग. पण बोली एकच धरा. देवगडचं पोर संगमेश्वरी बोलत नाही आणि गुहागरचा मुलगा ‘माका-तुका’ करत नाही. तळटीपा नकोत. ‘इलो’ म्हणजे आला, हे नागपूरच्या मुलीलाही दुसऱ्या पानावर कळतं. लिहून झालं की संवाद त्या गावच्या एखाद्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे हसू नये तिथे हसली, तर तो शब्द चुकला.

आणि ही शेवटची गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. मालवणीत लहान मुलीला नपुंसकलिंग लावतात. मुलगो इलो, बाई इली, पण चेडू इला. माझ्या कादंबरीत ओंकारची आजी सुरुवातीपासून म्हणते, “ता गुरख्याचा चेडू इला हा.” रापणीनंतर, भांडणानंतर, एका संध्याकाळी पवित्रा वही परत द्यायला दारात येते आणि आजी आत हाक मारते, “ओंकार, पवित्रा इली हा.” चेडवाची बाई झाली, गुरख्याच्या पोरीला नाव आलं, आणि आजीला सगळं ठाऊक आहे हे ओंकारला त्या एका वेलांटीत कळलं. पुस्तक छापून आलं तेव्हा सुरुवातीच्या सगळ्या ‘इला’ कुणीतरी काळजीपूर्वक ‘इली’ करून ठेवल्या होत्या, व्याकरणाची चूक समजून.

तेव्हा बोलीतल्या रूपांची यादी करा, प्रत्येकापुढे पान क्रमांक घाला आणि प्रूफं जायच्या आधी ती हस्तलिखिताच्या पहिल्या पानाला टाचणीने लावा. टाचणीने, क्लिपने नको. क्लिपा निघतात.